एक काटा कमी

चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, समोरचं घड्याळ उजेडात तिरपं धरलं, कानाशी नेलं, पुन्हा तिरपं धरलं आणि भिंग न काढताच निदान सांगितलं, "काटा गळला, सर. आतमधी दिसून नाही रायला. कुठं पडला काय की." मग त्याने ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची डबी काढली. तीत जुन्या एचएमटींचे काटे होते; एकेकाळी कुणाकुणाच्या सासऱ्यांनी हौसेने दिलेल्या घड्याळांचे अवशेष. त्यातला एक चिमट्यात धरून तो म्हणाला, "हा बसते. साठ रुपये."

"पडला नाही. नव्हताच," सर म्हणाले.

"कंपनीनंच नाही देल्ला?"

"नाही."

"अन् पैसे?"

सरांनी आकडा सांगितला. घड्याळजीने डबी बंद केली, भिंग काढलं, आणि गिऱ्हाईकाकडे पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "म्हंजे एक काटा काढाचे येवढे पैसे," तो शांतपणे म्हणाला. "मंग दोन्ही काढले तं?"

या सरांचं नाव विचारू नये. तुकूम म्हणा, रामनगर म्हणा, चंद्रपुरात वस्तीगणिक असे एक सर असतातच. ३४ वर्षं गणित शिकवलेलं, निवृत्तीनंतर पहाटे फिरणं, आणि फिरून आल्यावर वर्तमानपत्रातले आकडे लाल पेनाने दुरुस्त करणं. ‘घड्याळात सव्वातीन वाजले असता दोन काट्यांमधला कोन किती?’ हा त्यांचा आवडता प्रश्न. ‘शून्य’ लिहिणाऱ्या पिढ्यानपिढ्यांना त्यांनी बाकावर उभं केलं, कारण सव्वातीनला तासकाटा तीनच्या पुढे सरकलेला असतो आणि कोन साडेसात अंशांचा होतो. अशा माणसाला जर्मनीतल्या भाच्याने साठीनिमित्त जे घड्याळ पाठवलं, त्यात हा प्रश्नच निकालात निघालेला. कोनाला दोन बाजू लागतात.

घड्याळ दिसायला देखणं. पातळ, हस्तिदंती रंगाची तबकडी, तपकिरी चामडी पट्टा, रोज सकाळी चावी द्यायची. तबकडीच्या मधोमध सुईसारखा एकच लांब काटा. तो १२ तासांत एक फेरी मारतो. कडेने बारीक रेघा आहेत, एकूण १४४. दोन रेघांमधलं अंतर पाच मिनिटांचं. काटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे सरकतो असं गणित सांगतं, डोळ्यांना काही पत्ता लागत नाही. ४० मिलिमीटरच्या तबकडीवर पाच मिनिटांच्या वाट्याला पुरता एक मिलिमीटरही येत नाही. म्हणून सरांना वेळ बघायची तर आधी चष्मा शोधावा लागतो, आणि चष्मा सापडेपर्यंत काटा पुढच्या रेघेवर गेलेला असतो.

हे खूळ सरांच्या भाच्याचं नाही, जर्मनांचं आहे. क्लाउस बोटा नावाच्या रचनाकाराने १९८६ मध्ये एका काट्याचं मनगटी घड्याळ रेखाटलं. पुढे २००१ मध्ये म्युन्स्टर गावी मानफ्रेड ब्रासलर यांनी मायस्टरझिंगर ही कंपनी काढली आणि एकच काटा हा तिचा बाणा झाला. मिन्स्कचा लूच कारखानाही एका काट्याची घड्याळं करतो आणि तीही चावीची, पण जर्मन भावाच्या मानाने फारच स्वस्त. या सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस मिनिटांनी पिचला आहे, त्याला तासांच्या मोकळ्या रानात सोडा. रान हा शब्द त्यांचा नाही. तो चंद्रपूरचा.

गंमत अशी की काटा काढला तरी मिनिट जात नाही. घड्याळाच्या पोटात तासाचं चाक फिरवायला मिनिटाचं चाक लागतंच, बारास एक या प्रमाणात. सरांच्या घड्याळातही ते बिचारं तासाला एक फेरी इमानाने मारत असतं, फक्त त्याच्या डोक्यावर काटा नाही. सरकारी कचेरीत असे एक बाबू असतात. काम सगळं तेच करतात, पाटी दुसऱ्याच्या नावाची.

तसा मिनिटकाटा हा उशिरा आलेला पाहुणा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूरेंबर्गचा पेटर हेनलाइन बाळगता येतील अशी घड्याळं करू लागला, तेव्हा त्यांना काटा एकच असे. दिवसाकाठी पाव तास इकडेतिकडे होणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावणं म्हणजे बैलगाडीला वेगमापक बसवण्यासारखं होतं. १६५६ मध्ये क्रिस्तियान हॉयगेन्सने लंबकाचं घड्याळ जुळवलं आणि दिवसाची चूक मिनिटांवरून सेकंदांवर आली. मग दुसऱ्या काट्याला तोंड दाखवायला जागा झाली. तरी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मनोऱ्यावर एका काट्याचं घड्याळ आहेच. आणि पॅरिसच्या ब्रेगेने अठराव्या शतकाच्या अखेरीला एका काट्याचं सुटसुटीत खिशातलं घड्याळ काढलं ते चक्क वर्गणीवर: पाव किंमत आगाऊ भरा, घड्याळ तयार झालं की उरलेली. आपल्याकडच्या भिशीवाल्या काकूंना हा माणूस आवडला असता.

सरांच्या घरी मात्र हा इतिहास चालला नाही.

"अहो, किती वाजले?"

"पावणेसात ते सातच्या मधे."

"मधे म्हणजे कुठे?"

"मधे म्हणजे... सातकडे झुकलेलं."

"झुकलेलं! डाळ शिजायची आहे मला, निवडणूक नाही लढवायची."

पुढचा संवाद कुकरने संपवला. मराठी स्वयंपाकघरात मिनिटाला तसाही मान नाही, तिथलं मोजमाप शिट्टी. भाताला दोन, तुरीच्या डाळीला चार, हरभऱ्याला सांगता येत नाही. शिट्टी म्हणजे किती मिनिटं हे कोणी विचारत नाही, आणि गॅस बारीक की मोठा यावर ते ठरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

सरांनी इथेच आपला बचाव उभा केला, आणि तो खोडून काढणं अवघड आहे. त्यांचं म्हणणं, जर्मनांना जे १९८६ मध्ये सुचलं ते मराठी माणूस आधीपासून बोलतो. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. आपण तासाचे पाव-पाव तुकडे करतो आणि जगतो. ‘तीन वाजून सतरा मिनिटांनी येतो’ असं कोणी म्हटलं तर तो माणूस रेल्वेत आहे किंवा त्याच्या मनात काहीतरी आहे. ‘सव्वातीनपर्यंत येतो’ यात तीनपासून साडेतीनपर्यंतचा सगळा मुलूख येतो, आणि ‘पर्यंत’मुळे पावणेचारही येतात. गावाकडे तर याहून ऐसपैस: रामप्रहरी, झुंजूमुंजू होताना, दिवस कासराभर वर आल्यावर, गुरं परतायच्या वेळी, दिवेलागणीला. कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य क्षितिजावरून किती चढला हे दोरीच्या मापाने सांगणाऱ्या माणसाला मिनिटकाटा कोणत्या तोंडाने दाखवायचा?

आता हे घड्याळ पडलं समारंभाचं. साहेबी रिवाजात सुटाबरोबर घालायचं ते पातळ, साधं, शर्टाच्या बाहीखाली सरकणारं. मराठीत त्याला पोशाखी घड्याळ म्हणावं, आणि मराठीत ‘पोशाखी’ या शब्दाला जो दुसरा वास आहे तोही सोबत येऊ द्यावा. अडचण हवामानाची. चंद्रपुरात लग्नसराई मे महिन्यात, पारा ४५च्या पलीकडे, अशा वेळी लांब बाहीचा कोट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो किंवा बँडवाला. सर तिसरे. नागपूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात ते पूर्ण बाहीच्या सफारीत आले, केवळ घड्याळ बाहीखालून डोकवावं म्हणून.

पत्रिकेवर मुहूर्त होता ११ वाजून ४२ मिनिटांचा. मुहूर्ताला नेहमी असं खडबडीत मिनिट असतं, ११.४५चा मुहूर्त म्हणजे गुरुजींनी अंदाजपंचे काढलेला, असा लोकांचा समज होईल. पूर्वी मांडवात घटिकापात्र ठेवत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. हिशेब मिनिटाहून बारीक, साधन एक भोक पडलेली वाटी. तिला चावी द्यावी लागत नसे, मात्र कोणाच्या तरी पोराने घंगाळात हात घालू नये म्हणून एक म्हातारा राखण बसवावा लागे.

या कार्यालयात वाटी नव्हती, गुरुजींचा मोबाइल होता, आणि तो नेमका नवरीच्या मामाकडे रेंज शोधायला गेलेला. गुरुजींनी अंतरपाटामागून सरांकडे पाहिलं. गणिताचे सर, सफारी, चमकणारं घड्याळ.

"सर, किती झाले?"

सरांनी चष्मा लावला. आजूबाजूची चार माणसं मनगटाकडे वाकली. "अकरा चाळीस झाले आहेत," सर म्हणाले, "आणि पंचेचाळीस व्हायचे आहेत."

"म्हणजे बेचाळीस?"

"असू शकतील."

गुरुजींचा चेहरा उजळला. इतकं सोयीचं घड्याळ त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. "साधला म्हणा की मुहूर्त!" ते म्हणाले. आता प्रश्न नवरदेवाचा राहिला. वरात अजून कार्यालयाच्या फाटकाबाहेर होती, डीजे पुढे सरकत नव्हता, आणि घोडीला ऊन लागल्यामुळे तिला कोणीतरी पाणी पाजत होतं. अक्षता पडल्या त्या सव्वाला. सव्वा म्हणजे सव्वाच. मिनिटं कोणी विचारली नाहीत.

एका काट्याच्या घड्याळाची आणखी एक सामाजिक पंचाईत आहे. दुकानाच्या काचेतली घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवतात, कारण तेव्हा दोन काटे वर उचललेले असतात आणि तबकडी हसल्यासारखी दिसते. एका काट्याचं घड्याळ हसू शकत नाही. फार तर एक भुवई उंचावतं. शिवाय महाराष्ट्रात दहा-दहाचं घड्याळ हे राष्ट्रवादीचं निवडणूक चिन्ह. इथे ‘मनगटावर घड्याळ बांधलं’ याचा अर्थ पक्ष बदलला असाही होतो. २०२३ मध्ये तो पक्ष फुटला तेव्हा सरांच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांचं मनगट निरखून विचारलं होतं, "सर, दुसरा काटा कोणत्या गटात गेला?"

चंद्रपुरात ‘काटा’ म्हटलं की घड्याळ आठवतच नाही म्हणा. हा कोळशाचा जिल्हा. इथे काटा म्हणजे वजनकाटा. ट्रक काट्यावर लागतो, काटा होतो, काटा झाला की पावती. खाणीबाहेर काट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला वेळ विचारावी. तो घड्याळ बघत नाही, पुढचे ट्रक मोजतो. "सात गाड्या," तो म्हणतो. हेही एका काट्याचं घड्याळच, फक्त हा काटा जमिनीत पुरलेला आणि साठ टन झेलणारा.

पण अचूकतेवरून कोणी फारच टोचलं की सर शेवटचं अस्त्र काढतात: रेखांश. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्वेची, मिर्झापूरजवळून जाणारी. चंद्रपूर सुमारे ७९.३ अंशांवर. अंशाला चार मिनिटं. म्हणजे सरासरी धरली तर चंद्रपूरचा सूर्य घड्याळाच्या १३ मिनिटं मागे, गडचिरोलीचा १०, आणि मुंबईचा तब्बल ३९. चंद्रपुरात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्याच्या वहीत पावणेबारा वाजून दोन मिनिटं झालेली असतात. "तुमचा मिनिटकाटा शंभराहून अधिक वर्षं रोज तेरा मिनिटांची थाप मारतो आहे," सर म्हणतात, "आणि माझं घड्याळ दोन मिनिटांनी हुकलं तर तुम्ही हसता." यावर समोरचा सहसा काही बोलत नाही. पटतं म्हणून नव्हे. दुपारी बाराच्या उन्हात जटपुरा गेटच्या कोंडीत उभं राहून रेखांशावर वाद घालायची कोणाची तयारी नसते.

या घड्याळाला पहिल्यांदा खरा मान मिळाला तो गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडे. सर एका ओळखीच्या गोंड कुटुंबात गेले होते. भिंतीवर घड्याळ होतं आणि ते उलटं होतं. बाराच्या डावीकडे एक, मग दोन, मग तीन. काटे उजवीकडून डावीकडे फिरणारे. बिघडलेलं नव्हे, मुद्दाम तसं केलेलं. गोंडवानात अशी घड्याळं बरीच दिसतात. छत्तीसगडच्या कोरबा भागातल्या घरांवर तर बातम्याही येऊन गेल्या आहेत. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे: पृथ्वी याच दिशेने फिरते, चंद्र तिच्याभोवती याच दिशेने फिरतो, आमचे लग्नातले फेरे आणि नाचाचं रिंगण याच दिशेने जातं, मग घड्याळानेच काय घोडं मारलं? आणि ‘घड्याळाची दिशा’ ही तरी कोणी आकाशातून लिहून पाठवली? उत्तर गोलार्धात सूर्यतबकडीवरची सावली तशी सरकते, एवढंच तिचं भांडवल. प्रागच्या ज्यू नगरभवनावर हिब्रू अंकांचं उलटं घड्याळ आहे, आणि २०१४ मध्ये बोलिव्हियाने ला पाझच्या संसदेवरचं घड्याळ उलटं फिरवलं. आम्ही दक्षिण गोलार्धातले, आमची सावली वेगळी, असं म्हणून.

यजमानांनी सरांचं मनगट पाहिलं, सरांनी यजमानांची भिंत पाहिली.

"तुमचं उलटं," सर म्हणाले.

"तुमचं अर्धं आहे, जी," यजमान म्हणाले.

दोघांनी मिळून वेळ काढली. सरांनी तासाचा अंदाज दिला, यजमानांनी मिनिटं पुरवली. याच तालुक्यात मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं आणि त्याआधीपासून निर्णय सर्वसहमतीने घेणारं गाव. तिथे मतदान करून हात मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत गावसभा बसते, नाही झालं तर पुन्हा बसते. ‘सभा दुपारी दोन ते चार’ असं छापणाऱ्या शहरी माणसाने तिथे जाताना घड्याळ कोणतं घालावं, हा खरोखर विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आणखी आत भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो. तेव्हा तास-मिनिटं दोन्ही बाजूला ठेवून दिवस मोजतात.

म्हणून जंगलात वेळेला किंमत नाही, असा शहाणा निष्कर्ष कोणी काढेल तर त्याने ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर पहाटे जावं. १९५५ मध्ये झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. फाटक उघडायची वेळ ठरलेली, परत यायची ठरलेली, ऋतूप्रमाणे बदलणारी, आणि उशिरा बाहेर पडणाऱ्या जिप्सीला दंड. मंगळवारी बंद. वाघाला यातलं काहीच लागू नाही. तो नेमका फाटक बंद व्हायला दहा मिनिटं उरली की पाणवठ्यावर येऊन बसतो, आणि मग जिप्सीत जी घालमेल होते ती पाहण्यासारखी. पर्यटक वाघाकडे, गाइड ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत असतो. अशा एका फेरीत ड्रायव्हरने सरांना वेळ विचारली. सर चष्मा काढेपर्यंत ड्रायव्हरने गाडी सुरू केलेली होती.

रेल्वेचीही तीच कथा. बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई मार्गावरचं मोठं जंक्शन. तिथे गाडी मिनिटांच्या हिशेबाने येते, निदान फलकावर तरी. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं एकच स्थानक, वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदियाकडून येणारी गाडी तिथून नागभीड, चांदा फोर्ट करत बल्लारशाहला जाते. सर एकदा वडशाला तीन मिनिटं उशिरा पोचले. घड्याळ त्यांच्या बाजूने होतं, गाडी नव्हती.

आणि मग गडचिरोलीतली ती मण्यांची पाटी. तिच्यापुढे सगळी थट्टा थांबते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावोगाव लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, आणि त्याहून मोठं मूल ५० किंवा जास्त, तर धोका. मोजणार कोण? गावातली दाई. तिला साठपर्यंत आकडे येत नाहीत, घड्याळ वाचता येत नाही. आणि आलं तरी एक डोळा बाळाच्या पोटावर नि एक डोळा सेकंदकाट्यावर ठेवणं शिकलेल्या माणसालाही जड. तेव्हा एक पाटी केली. तीत मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्यांसाठी, आणि सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. घटिका उलटी करायची, श्वास मोजायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणं एवढंच शिक्षण पुरे. दाया आणि गावातले आरोग्यदूत असा न्यूमोनिया ओळखून औषध देऊ लागले आणि बालमृत्यू घटले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्या कामाचा निबंध आला.

सरांनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले होते, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगतात. एका मिनिटात काटा अर्धा अंश सरकतो. चष्मा लावूनही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला नेहमीप्रमाणे चावी दिली, पण कुकरपाशी वाद घातला नाही.

झाडीपट्टीचं नाटक मात्र या घड्याळासाठीच जन्माला आलं असावं. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात गावोगाव नाटकं होतात. कंपन्यांची गजबज वडशाला. फलकावर वेळ रात्री दहाची. दहाला स्टेजवर दिव्यांची तपासणी चालू असते, साडेदहाला पाहुण्यांचे सत्कार, मग देणगीदारांची नावं, मग हरवलेल्या मुलाची घोषणा, मग सापडलेल्या मुलाची. पडदा उघडतो तो अकरा वाजून गेल्यावर आणि पडतो कोंबडं आरवताना. कोणी घड्याळ पाहत नाही, आणि तरीही हा धंदा नीट चालतो: नटमंडळी पहाटे गाडीत झोपतात आणि रात्री दुसऱ्या गावात उभी असतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

सर गेल्या फाल्गुनात वडशाजवळच्या एका गावी नाटकाला बसले होते. जमिनीवर ताडपत्री, अंगावर शाल. तीन अंक झाले. नायिकेवरचा खोटा आळ अर्धा उतरला होता, नायक तुरुंगातून सुटायच्या बेतात होता, आणि खलनायक इतक्या जोरात हसत होता की माइक शिट्टी मारत होता. शेजारी एक म्हातारी बसलेली, मांडीवर रिकामी टोपली. तिने सरांच्या मनगटाकडे हनुवटी उडवली.

"किती वाजले जी?"

सरांनी मोबाइलचा उजेड घड्याळावर पाडला, चष्मा चढवला, काटा निरखला. काटा दोन रेघांच्या मधे. "पाचला पाऊण... नाही, पावणेपाच. पावणेपाच होत आले."

म्हातारीने तेवढ्यात मान वर करून स्टेजच्या मागचं आभाळ पाहून घेतलं होतं. "मोहं पडून रायले असन," ती म्हणाली, टोपली काखेत मारली, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आजी, शेवट राहिला ना!"

"तो मरते जी," खलनायकाकडे बोट करून ती म्हणाली, आणि ताडपत्रीवरच्या झोपलेल्या पोरांना ओलांडत अंधारात निघून गेली.

खलनायक अजून हसतच होता. तो मेला साडेपाचच्या सुमाराला.